गाण्याखालचे नाव

गाणे अगदी साधे आहे. एका मुलीची आई तिच्या मागे लागली आहे की, केस विंचर, गुलाबी फितीने नीट बांध, चांगली चोळी घाल, बरोबरीच्या मुली तिकडे नाचताहेत आणि तू अशी मुसमुसत काय बसलीस? मुलीचे म्हणणे एवढेच की, तो गावात नाही, म्हणून माझे पाऊल उचलत नाही. दुसऱ्या कडव्यात ती एका शेवाळलेल्या दगडावर बसून सूत कातते आहे, आपल्याशीच गुणगुणते आहे, आणि सगळे गाव तिला निपचित पडल्यासारखे वाटते आहे. संपले गाणे! दोन कडवी, दोन्हींना एकच चाल. साल १७९४, शहर लंडन, संगीतकार योझेफ हायडन. गाण्याचे नाव ‘पॅस्टोरल साँग’, म्हणजे आपल्या भाषेत धनगरी गीत म्हणायचे. पण या गीतातल्या धनगरणीने मेंढराचा वास कधी घेतला असेल असे वाटत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपी दिवाणखान्यांत अशा स्वच्छ, निळ्या-गुलाबी फितींच्या धनगरणींचा फार सुकाळ होता.

दिवाळीच्या फराळाच्या ताटात हा परदेशी पदार्थ कशाला, असे वाचकांना वाटेल. मी मराठी शिकवणारी बाई. माझा आणि हायडनचा परिचय आमच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या एका बाईंनी करून दिला. एरवी मी ऐकून सोडून दिले असते. पण ते गाणे डोक्यातून जाईना, आणि त्याचे कारण चाल नव्हे. त्या गाण्याचे शब्द एका बाईने लिहिले होते, आणि ते छापले गेले तेव्हा शब्दांची कर्ती म्हणून तिचे नाव कुठे नव्हते, हे कळले तेव्हापासून ते गाणे माझ्या मागे लागले.

हायडन इंग्रज नव्हता. ऑस्ट्रियातल्या रोराऊ या खेड्यात गाड्यांची चाके करणाऱ्या एका कारागिराच्या घरी १७३२ साली तो जन्मला. १७६१ पासून जवळजवळ तीस वर्षे तो एस्टरहाझी नावाच्या बड्या सरदार घराण्याच्या पदरी होता. पदरी म्हणजे खरोखरच पदरी. अंगावर धन्याने दिलेला पोशाख आणि धन्याची मर्जी होईल तेव्हा वाजवायचे. १७९० मध्ये ते सरदार वारले, त्यांच्या गादीवर आलेल्या चिरंजिवांना संगीताची विशेष हौस नव्हती, आणि सालोमन नावाच्या एका व्हायोलिनवादकाने ही संधी साधून हायडनला लंडनला नेले. १७९१ च्या पहिल्याच दिवशी हा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. इंग्रजी बेताचेच. पण लंडनने त्याला डोक्यावर घेतले आणि ऑक्सफर्डने त्याच वर्षी डॉक्टर केले. १७९१-९२ आणि १७९४-९५ असे त्याचे दोन मुक्काम झाले. या दोन मुक्कामांसाठी त्याने ज्या बारा सिंफनी लिहिल्या त्यांच्यावर ग्रंथ झाले आहेत. मला ओढ वाटली ती त्याच काळातल्या बारा छोट्या इंग्रजी गाण्यांची. त्यांना कँझोनेट म्हणतात. सहांचा पहिला संच १७९४ साली निघाला, सहांचा दुसरा १७९५ साली.

ही गाणी कोणासाठी होती, ते आपल्याला चटकन समजेल. आपल्याकडे एके काळी वधूपरीक्षेत ‘मुलगी पेटी वाजवते’ हे वाक्य जसे ठरलेले असे, तसे तिकडच्या सुखवस्तू घरांत ‘मुलगी पियानो वाजवते’ हे असे. गाण्याचे छापील कागद दुकानात विकत मिळत. संध्याकाळी पाहुणे जमले की मुलीने पियानोशी बसायचे, आपणच वाजवायचे आणि आपणच गायचे. नाटकातले गाणे नव्हे, देवळातले नव्हे, रस्त्यावरचेही नव्हे. एकाची कविता, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचा गळा, आणि ऐकायला घरचीच दहा-बारा माणसे. आपले भावगीत १९३० नंतर ध्वनिमुद्रिकेवरून घराघरांत शिरले, ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशांच्या आवाजात लोकांनी ऐकली, त्या भावगीताची ही एक लांबची आजी म्हणायला हरकत नाही.

मात्र आजीचा एक गुण नातीत उतरला नाही. आपली पेटी गायकाच्या पावलावर पाऊल टाकून चालते. गळा जिकडे, तिकडे ती. हायडननेही आधी १७८१ आणि १७८४ साली जर्मन गाणी छापली होती, ती जवळपास अशीच होती. स्वरलेखनाच्या दोन ओळी, आणि गाणारीची ओळ तीच पियानोच्या उजव्या हाताची. इंग्रजी गाण्यांत मात्र त्याने तीन ओळी केल्या. गळ्याची एक निराळी, पियानोच्या दोन निराळ्या. वरकरणी ही कागदाची बाब वाटते. पण तिचा अर्थ असा की, पियानोला आता स्वतःचे काही म्हणायचे आहे. तो गाण्याच्या आधी बोलतो, मध्ये बोलतो, गाणारी थांबली तरी बोलत राहतो.

‘पॅस्टोरल साँग’मध्ये तो काय बोलतो? गाणे सहा मात्रांच्या झोक्यात आहे, आपल्या दादऱ्याच्या अगदी शेजारचे. चाल खेळकर, प्रसन्न. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हे खटकले. विरहाचे गाणे आणि ही पायात पैंजण घातल्यासारखी चाल! मग चार-पाचदा ऐकल्यावर वाटू लागले की, चाल त्या मुलीची नाहीच, ती तिच्या आईची आहे. ऊठ, केस बांध, बाहेर जा, असे पियानोच तिला म्हणतो आहे, आणि ती बिचारी त्याच झोक्यात बसून ‘मला जमत नाही’ म्हणते आहे. संगीतातले जाणकार माझ्या या अर्थाला हसतील. हसोत. घरातल्या दुःखी मुलीला अशाच आनंदी सुरात हाका मारल्या जातात, हे ज्यांनी पाहिले आहे ते हसणार नाहीत.

आता त्या शब्दांकडे. ते लिहिणारी अ‍ॅन हंटर ही एका शस्त्रवैद्याची मुलगी, दुसऱ्याची बहीण आणि तिसऱ्याची बायको. नवरा जॉन हंटर हा त्या काळचा इंग्लंडमधला सर्वांत नामांकित शस्त्रवैद्य. देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर त्याचाच शिष्य. लेस्टर स्क्वेअरमधल्या त्यांच्या वास्तूचे दोन चेहरे होते. पुढच्या बाजूला अ‍ॅनचा दिवाणखाना, तेथे कवी, गायक, विदुषी यांची ये-जा. मागच्या गल्लीच्या बाजूला जॉनची विच्छेदनाची खोली, तेथे रात्री-बेरात्री प्रेते येत. बायकोच्या मैफली जॉनला सोसत नसत आणि एकदा तर त्याने भरल्या बैठकीत येऊन पाहुण्यांना घरी जायला सांगितले, अशी एक आख्यायिका आहे. हायडनचा आणि त्याचा प्रसंग तर खुद्द हायडननेच पुढे आपल्या चरित्रकाराला सांगितला. हायडनच्या नाकात मांसाची गाठ होती, तिचा त्याला जन्मभर त्रास. जॉनने कामाचे निमित्त सांगून त्याला बोलावून घेतले आणि आपल्या धट्ट्याकट्ट्या नोकरांकडून खुर्चीत दाबून बसवले. शस्त्र तयारच होते! हायडनने हातपाय झाडून, आरडाओरडा करून सुटका करून घेतली. एकाच घरातून एकाला गाण्याचे शब्द मिळाले आणि नाक मात्र थोडक्यात वाचले.

जॉन हंटर १७९३ च्या ऑक्टोबरात अचानक वारला. कर्जे उरली. त्याने जमवलेला हाडांचा आणि प्राण्यांचा मोठा संग्रह सरकारने १५,००० पौंडांना विकत घेतला, तोही १७९९ साली. तोवर विधवा अ‍ॅनने घरातले सामान विकून आणि श्रीमंत घरच्या मुलींची सोबतीण होऊन दिवस काढले. तिचा सख्खा भाऊ एव्हरार्ड होम याने मेहुण्याची हस्तलिखिते आपल्या ताब्यात घेतली, त्यांतले संशोधन आपल्या नावावर खपवल्याचा आरोप त्याच्यावर झाला, आणि १८२३ च्या सुमारास त्याने ते कागद चक्क जाळले. या कुटुंबात कोणाचे नाव कशाखाली लागेल याचा काही भरवसाच नव्हता म्हणायचे!

तर नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, १७९४ मध्ये, पहिला संच बाहेर आला. सहाही गाण्यांचे शब्द अ‍ॅनचे. त्यांतले हे धनगरी गीत तर तिने आधी हायडनचाच शिष्य प्लेयेल याच्या एका चालीवर बांधले होते. आपल्या किर्लोस्करी नाटकमंडळींनी जशी तयार चालींवर पदे रचली, तसेच. पुढे गुरूने त्याच शब्दांना स्वतःची चाल दिली आणि शिष्याची चाल लोक विसरले. त्या संचाच्या मुखपृष्ठावर हायडनचे नाव ठळक आहे. अ‍ॅनचेही आहे, पण अर्पणपत्रिकेत: ‘मिसेस जॉन हंटर यांस’. शब्द कोणाचे, याचा उल्लेख नाही. म्हणजे तिच्याच कविता तिलाच अर्पण झाल्या, आणि त्याही तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाने.

मराठीच्या शिक्षकाला येथे थांबावेच लागते. आपल्याकडे कवितेच्या शेवटी नाव गुंफण्याची चाल जुनी. तुकोबा गुंफतात, एकनाथ गुंफतात. जनाबाईसुद्धा गुंफते, पण ती आपल्याला नामदेवाची दासी म्हणवून घेते आणि मग आपले नाव सांगते. ‘मिसेस जॉन हंटर’ हे वाचताना मला ती आठवली. फरक एवढाच की, जनीने निदान ‘जनी’ तरी लिहिले.

हायडन लंडनहून १७९५ च्या ऑगस्टात परतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात सवाई माधवराव गेले आणि पेशवाईचा डोलारा हलला. ज्या वर्षांत लंडनच्या दिवाणखान्यांत ती कँझोनेट गायली जात होती, त्याच सुमाराची आपल्याकडची गाणी म्हणजे होनाजी बाळा, रामजोशी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या. त्यांतही विरहिणी आहेत, आणि पुष्कळ आहेत. धनी मोहिमेवर गेला आहे, शेज सुनी आहे, वेणीफणीत मन लागत नाही. हुबेहूब आपल्या धनगरणीचेच दुखणे! पण या सगळ्या विरहिणी पुरुषांनी रचलेल्या, आणि तमाशाच्या फडात त्या साकारायचा बहुधा बाईचे सोंग घेतलेला नाच्या पोऱ्या. होनाजी रचायचा, बाळा गायचा, शेवटच्या चरणात दोघांची नावे गुंफलेली. लावणी मला फार प्रिय आहे. तिच्यातली बाई जिवंत आहे, ठसठशीत आहे. पण ती पुरुषाला ऐकू यावे अशा बेताने रडते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग त्या काळातली खरीखुरी बाई कुठे गात होती? त्याचे उत्तर शोधायला मला पुण्याच्या पेठांत जाण्याचे कारण नाही. १७९६ साली नाना फडणीस ज्या महाडात मुक्काम ठोकून राजकारणाची मोट बांधत होते, निजामाशी तह करीत होते, त्या महाडहून भोरकडे निघाले की बिरवाडी मागे पडल्यावर, घाट लागण्याआधी आमचे वरंध येते. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भाताची खाचरे, आणि पावसाळ्यात दरड आली की घाट बंद. या गावाच्या घराघरांत पहाटे जाते फिरत होते, आणि जात्यावर ओवी होती. १७९६ साली होती, असे मी बेधडक म्हणते, कारण तिचा पुरावा त्याच्याही साडेसहाशे वर्षे मागे जातो. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. राजाच्या ग्रंथात ओवीला जागा मिळाली. गाणारीच्या नावाला मिळाली नाही.

आणि आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोध तेथे सांगितला अशी श्रद्धा आहे; धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ती घळ शोधून काढली, तेव्हापासून भक्तांची रीघ आहे. दासबोधही ओवीतच आहे. समर्थांनी सांगायचे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यायचे. लहानपणी घळीतल्या त्या दोन मूर्ती पाहताना, एक सांगणारा आणि एक लिहिणारा, मला काही वाटले नव्हते. आता वाटते. त्याच खोऱ्यात, त्याच छंदाच्या नात्यातल्या ओव्या शेकडो बायका रोज पहाटे सांगत होत्या, आणि लिहून घ्यायला कल्याण कोणालाच नव्हता.

वरंधला माझी आत्या असते. वय ऐंशीच्या पुढे, दात दोनच, पण स्मरण लख्ख. गेल्या गणपतीत मी तिला मोबाइलवर ते गाणे ऐकवले. पियानोचे सुरुवातीचे चार शब्द झाले तशी ती म्हणाली, “कवा म्हणायला लागायची ही?”

“लागेल आता. आधी वाद्य वाजतं.”

“हां. म्हणजे जातं आधी फिरून घ्यायचं,” आत्या म्हणाली. “पहिला घास टाकला की लगेच म्हणायचं नसतं. दगडाला गती आली, म्हणजे मग गळा.”

कँझोनेटमधल्या पियानोच्या स्वतंत्र कामगिरीवर मी वर परिच्छेद खर्ची घातला आहे. आत्याने तो दोन वाक्यांत उरकला.

मग मी तिला अर्थ सांगितला. आई वेणी घाल म्हणते, मुलगी नाही म्हणते, कारण तो परगावी आहे. त्याचे नाव ल्युबिन. आत्या एकदम सावरून बसली. “नाव घेती? गान्यात?” मी म्हटले, अजून लग्न व्हायचे आहे गं. त्याने तिचे समाधान झाले नाही. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाणा लागतो, चांदीच्या ताटापासून तुळशी वृंदावनापर्यंत वळसा घ्यावा लागतो. आणि ही बया आईच्या देखत सरळ नाव घेऊन रडते!

“तुमच्या ओव्यांत नवऱ्यासाठी कोणी रडत नसे का?” मी विचारले.

ती जरा वेळ गप्प राहिली. आतोबा मुंबईला गिरणीत होते. महाड-पोलादपूरच्या घरटी एक माणूस तेव्हा मुंबईला असायचा, गिरणीत नाही तर गोदीत. वर्षाकाठी दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला, मधल्या काळात मनीऑर्डर. १९८२ च्या संपात ते कायमचे परत आले, तेव्हा आत्याचे संसाराचे निम्मे वय उलटून गेले होते. म्हणजे वीस वर्षांचा विरह या बाईने काढला, आणि ओव्या तर तिला शेकड्यांनी येतात. मी आजवर तिच्याकडून ज्या ऐकल्या त्या सगळ्या भावावरच्या. भाऊराया येतो आहे, त्याची वाट पाहते आहे, महाडच्या यष्टीतून माणसे उतरली त्यांत तो दिसत नाही, पाऊस लागला, वाट निसरडी झाली.

“जात्यापाठी सासू निजायची,” आत्या म्हणाली. “नवऱ्यासाठी म्हणलं तर म्हणायची, लाज सोडली. भावाचं नाव घेतलं की कोण काय बोलतंय? माझा भाऊ तर, म्हणजे तुझा बाप, इथंच बिरवाडीत व्हता. त्याची कसली वाट बघायची!”

वाचकहो, मी बावीस वर्षे लोकसाहित्य शिकवते आहे. ‘ओवीतील बंधुप्रेम’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि मुले त्यावर दोन-दोन पाने लिहितात. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून सगळ्या संग्रहांत भावाच्या ओव्यांचे प्रकरण मोठे असते, आणि ते योग्यच आहे, माहेरच्या ओढीने गायलेल्या त्या ओव्या खऱ्याच आहेत. पण त्या ढिगात अशाही काही असणार, ज्यांतला भाऊ हा भाऊ नाही. कोणत्या, ते कागदावरून ओळखण्याचा मार्ग नाही. ते गाणारीलाच विचारावे लागते, आणि त्यासाठी ती कोण हे ठाऊक असावे लागते. नाव गेले की गाण्याचा अर्धा अर्थ जातो, तो असा. अ‍ॅन हंटरचे नाव नसताना ते धनगरी गीत म्हणजे दिवाणखान्यातली एक गोड लटकी तक्रार असते. शब्द आधीचे असले, तरी ज्या वर्षी ते हायडनच्या चालीत छापले गेले त्या वर्षी ती स्वतः ताजी विधवा होती, हे कळले की त्या निपचित गावाकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो.

तिचे नाव अखेर लागले. १८०२ साली तिने आपल्या कवितांचे पुस्तक स्वतःच्या नावाने काढले. ती तेव्हा साठीची होती. (त्याच १८०२ च्या जूनमध्ये जेन्नरची लस मुंबईत पोहोचली आणि तीन वर्षांच्या एका मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवी काढली गेली. हंटरांच्या घरातली दोन माणसे एकाच वर्षी जगापुढे आली, असे मला उगीचच वाटते.) आपल्याकडे याच्या जवळपासचे उदाहरण बहिणाबाईंचे. जात्यावर, चुलीपाशी, शेतात त्या रचत गेल्या. लिहिता येत नव्हते, मुलाने आणि भाच्याने टिपून ठेवले. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. वही सापडली नसती तर त्या ओळी आज ‘खानदेशातील पारंपरिक ओव्या’ म्हणून एखाद्या संग्रहात असत्या, आणि आम्ही त्यांतली निसर्गदृष्टी शिकवीत बसलो असतो.

‘पारंपरिक’ हा शब्द फार सभ्य आहे. परंपरेला तोंड नसते. प्रत्येक ओवी कोणा एकीच्या तोंडून पहिल्यांदा निघालेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो आकड्याचा नव्हे. त्यांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव टिपले. ते काम आमच्या घाटाच्या वरच्या अंगाला, भोर-वेल्ह्याकडे पुष्कळ झाले. घाटाखाली आमच्याकडे उरल्या त्या म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याजोग्या. मुंबईच्या गिरणीने गावातले पुरुष नेले आणि पुढे पिठाची गिरणी आली तिने जाती नेली. आत्याच्या घरातले जाते परसात तुळशीपाशी पालथे पडले आहे. पावसात त्याच्यावर शेवाळ चढते.

म्हणून गणपती उठल्यावर मी चार दिवस जास्त राहिले आणि तिच्या ओव्या वहीत उतरवायला बसले. जात्याशिवाय तिला सुचेना. मग ती नुसताच हात गोल फिरवू लागली, रिकाम्या जमिनीवर, आणि हात फिरू लागला तशी एकेक ओवी येऊ लागली. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, ते हातच ठरवीत होता. हायडनची चाल कितीही सुरेख असली, तरी सूत कातणाऱ्या त्या मुलीच्या बोटांना तिच्यात काही काम नाही. आत्या म्हणालीच होती, “गाती चांगली. पण हात रिकामा हाय तिचा.”

एकशे सदुसष्ट ओव्या झाल्या. भावाच्या ओव्यांपाशी आलो की मी पेन्सिल वर उचलून तिच्याकडे पाही. ती कधी मान हलवी, कधी हसून ‘लिही लिही’ म्हणे. जिथे मान हलली तिथे समासात मी एक बारीक खूण केली आहे. अशा खुणा एकतीस आहेत.

शेवटी पहिल्या पानावर नाव घालायची वेळ आली. मी तिचे नाव लिहू लागले तर तिने हात धरला. ते नाव सासरी ठेवलेले. आमच्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलत. मला तिचे तेच नाव ठाऊक, सगळ्या गावाला तेच ठाऊक, रेशनकार्डावर तेच. “ओव्या तर मी आईपाशी शिकले,” ती म्हणाली, “निम्म्या तर तिकडंच केल्या.” मग तिने माहेरचे नाव सांगितले. बाबांच्या तोंडून मी ते कधी ऐकले नव्हते. बाबा तिला नुसते ‘ताई’ म्हणत. साठ वर्षांत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती, आणि ते सांगताना तिचा आवाज अनोळखी माणसाची ओळख करून द्यावी तसा झाला.

वहीवर मी दोन्ही नावे लिहिली, माहेरचे वर, सासरचे खाली. कोणती ओवी कुठल्या नावाखाली जायची, ते तिने एकेक करून मला सांगितले. त्यात आणखी एक दुपार गेली. मासिकात मात्र छापू नको, असे तिने बजावले आहे. घरात अजून तिची धाकटी जाऊ आहे, आणि त्या एकतीस खुणांचा अर्थ तिला कळेल. तेव्हा येथे मी दोन्हींपैकी एकही नाव देत नाही.